टीडसचे खोटे हसणे आणि त्याच्यावरचे खरे आक्षेप

तुमच्या पत्रात चार आक्षेप एकत्र आले आहेत आणि त्यांतले तीन मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. ‘फायनल फँटसी टेन’ या व्हिडिओ गेमचा नायक टीडस हा नुसता रडतराऊत आहे. लुका शहराबाहेर तो आणि नायिका युना मोठमोठ्याने हसतात ते दृश्य इतके बेगडी आहे की ते ऐकवत नाही. सगळा गेम एका सरळ वाटेने चालतो आणि खेळणाऱ्याच्या हाती कोणताच निर्णय ठेवत नाही, मग त्याला रोल-प्लेइंग, म्हणजे भूमिका वठवण्याचा खेळ, कशाला म्हणायचे? आणि टीडस स्वतःच एक स्वप्न आहे हा उलगडा म्हणजे कथा आटोपेना म्हणून लेखकाने मारलेले ठिगळ आहे. तुम्ही मिरजेत एकांकिका करता, अलीकडेच हा गेम संगणकावर पूर्ण केला आहे, आणि शेवटी विचारता की मी दिग्दर्शक असतो तर यातले काय कापले असते. त्या प्रश्नाचे उत्तर मी शेवटीच देईन, कारण काय कापायचे हे ठरवण्याआधी काय बांधले आहे ते नीट पाहावे लागते.

मी सांगलीत पंचवीसेक वर्षे नाटके बसवत आलो आहे आणि गेली काही वर्षे गेमसाठी संवाद लिहिणे, आवाजाच्या तालमी घेणे हे कामही करतो. त्यामुळे पुढचे विवेचन चाहत्याचे कमी आणि तालमीच्या खोलीतले अधिक आहे. गेम शेवटपर्यंत खेळलेल्या माणसाला हे उत्तर आहे, म्हणून रहस्ये झाकून ठेवलेली नाहीत.

संदर्भासाठी थोडक्यात सांगतो. हा गेम जपानमध्ये जुलै 2001 मध्ये प्लेस्टेशन टूवर आला. निर्माते योशिनोरी किटासे, कथालेखनात प्रमुख हात काझुशिगे नोजिमा यांचा, आणि या मालिकेतल्या मुख्य गेमांपैकी पात्रांना प्रत्यक्ष आवाज लाभलेला हा पहिलाच. शेवटची बाब मी मुद्दाम नोंदवतो, कारण हसण्याच्या दृश्यावरचा निम्मा राग खरे तर आवाजाच्या कामावरचा राग आहे. इंग्रजी आवाज देणाऱ्यांना मूळ जपानी संवादाच्या लांबीत आणि ओठांच्या हालचालीत आपले वाक्य बसवावे लागले. ज्याने कधी डबिंगला उभे राहून पाहिले आहे त्याला हे लगेच कळेल: वाक्य संपते पण ओठ हलतच असतात, मग नट शब्द ताणतो, किंवा ओठ आधी मिटतात म्हणून तो शेवटचे चार शब्द गिळतो. युनाच्या बोलण्यात मधूनच येणारा अडखळ बराचसा तिथून आला आहे. तो दोष आहे आणि मी तो नाकारणार नाही. मात्र हसण्याच्या दृश्यातला बेगडीपणा या दोषातून आलेला नाही, तो लिहिलेला आहे.

प्रसंग काय आहे तो आठवा. लुकामधला ब्लिट्झबॉल या पाण्यातल्या खेळाचा सामना संपला आहे. बापाचा जुना सोबती ऑरॉन याने टीडसला नुकतेच सांगितले आहे की ज्या सिन नावाच्या राक्षसाने त्याचे शहर उद्ध्वस्त केले, ज्याने वाटेतली गावे गिळली, तो सिन म्हणजेच त्याचा बाप जेक्ट. दहा वर्षांपूर्वी नाहीसा झालेला, ज्याचा तो मनापासून तिरस्कार करतो तो बाप. हे कानावर पडून फार वेळ झालेला नाही. अशा अवस्थेत युना त्याला हसून दाखवायला सांगते. मन उदास असले तरी हसता आले पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. तो एका लयीत, समान अंतराने, तोंड वासून ‘हा हा हा हा’ करतो. मग तीही तशीच करते. दोघांचे ते ओढूनताणून केलेले हसणे इतके हास्यास्पद होते की शेवटी दोघांनाही खरोखरच हसू फुटते, आणि मागे उभे असलेले वाक्का, लुलू वगैरे सोबती या दोघांना वेड तर लागले नाही ना अशा नजरेने पाहू लागतात.

आता नट म्हणून विचार करा. रंगमंचावर वाईट हसणे दोन प्रकारचे असते. एकात नटाला हसता येत नाही. दुसऱ्यात पात्राला हसता येत नाही आणि नट ते नीट दाखवतो. कोणता प्रकार चालू आहे हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे मंचावरच्या इतर पात्रांकडे पाहणे. हसणे मुळात चांगले समजून लिहिलेले असते, तर वाक्काने ते साधेपणाने ऐकून घेतले असते, पण इथे तो चमकतो आणि तसे बोलूनही दाखवतो. दुसरी खूण श्वासात असते. खोटे हसणे बाहेर फेकलेल्या श्वासावर चालते आणि त्यात प्रत्येक ‘हा’ सारखा असतो, तर खऱ्या हसण्यात माणूस मधेच श्वास आत ओढतो, लय तुटते, आवाज खाली-वर होतो. त्या दृश्यात हे दोन्ही एकापाठोपाठ ठेवले आहेत. पण टीका करणारे लोक पहिला तुकडा कापून घेतात, दुसरा टाकून देतात आणि कापलेला तुकडा जगभर फिरवतात. कोणत्याही नाटकातली अर्धी ओळ उचलून नटाला मूर्ख ठरवता येते.

एवढ्यावर थांबलो तर दृश्याचा बचाव होईल, त्याचे मोल सांगून होणार नाही. ते दुसऱ्यांदा पाहताना कळते. युना ही समनर, म्हणजे एऑन नावाच्या अद्भुत शक्तींना पाचारण करणारी आहे आणि तिची यात्रा झनारकंड या भग्न शहरात संपणार आहे. तिथे मिळणाऱ्या अंतिम एऑनला बोलावून ती सिनला हरवील आणि त्याच क्षणी स्वतः मरेल. हे वाक्काला ठाऊक आहे, लुलूला ठाऊक आहे, किमारीला ठाऊक आहे, वाटेत तिला नमस्कार करणाऱ्या प्रत्येक म्हातारीला आणि पोराला ठाऊक आहे. फक्त टीडसला ठाऊक नाही आणि त्याला कोणी सांगतही नाही. म्हणजे हसण्याची जी तालीम तो केवळ दुःख विसरण्याची एक युक्ती समजतो आहे, ती तालीम युना स्वतःच्या मृत्यूकडे चालत जाताना रोज करते आहे. आपली यात्रा हसण्याने भरलेली असावी असे ती त्याला सांगते तेव्हा पहिल्यांदा खेळणाऱ्याला ते एका गोड मुलीचे गोड वाक्य वाटते. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला त्या वाक्यानंतर पुढे जायला थोडा वेळ लागतो.

‘रडतराऊत’ या आक्षेपाला माझे मुख्य उत्तर इथूनच निघते. गेमच्या पहिल्या दोन-तृतीयांश भागाचा सगळा नाट्यप्रयोग एका माणसाच्या अज्ञानावर उभा केलेला आहे. टीडस बडबडतो, तक्रार करतो, प्रश्न विचारतो, नको तिथे उत्साह दाखवतो, आणि त्याच्या प्रत्येक उत्साही वाक्याने आजूबाजूच्या माणसांच्या काळजाला चरा जातो, हे पहिल्या खेपेला आपल्याला दिसत नाही. सिनला हरवल्यावर आपण हे करू, तिकडे जाऊ, असे तो युनाला किती वेळा सांगतो ते मोजा. ती दर वेळी हसते. मग बिकानेलच्या वाळवंटात, यंत्रे वापरणाऱ्या अल बेद लोकांच्या उद्ध्वस्त होत असलेल्या वस्तीत, त्यांच्यातल्याच रिक्कू या सोबतिणीच्या तोंडून त्याला सत्य कळते आणि तो कोसळतो. तिथे तो स्वतःच्या दुःखाविषयी फारसे बोलत नाही, आपण तिला काय काय बोललो आणि ती तेव्हा कशी हसत राहिली हे आठवून आठवून बोलतो. एवढ्यासाठी त्याला आधी तसा उथळ, उतावळा आणि बडबड्या लिहिणे भाग होते. मितभाषी, समंजस नायकाला हा प्रसंग पेलला नसता, कारण त्याने आधी काही बोललेलेच नसते.

शिवाय त्याला रडका म्हणणारा पहिला माणूस आपण नव्हेत. जेक्ट त्याला लहानपणापासून हेच म्हणत आला आहे. दारूच्या धुंदीत, स्वतःच्या कीर्तीच्या कैफात, पोराला तू रडका आहेस असे हिणवणारा तो बाप आहे. लेखकाने हा आक्षेप आपल्या आधी कथेतच घातला आणि तो एका नालायक बापाच्या तोंडी दिला. शेवटी सिनच्या पोटात बाप-लेकांची गाठ पडते तेव्हा टीडस त्याला मी तुझा तिरस्कार करतो असेच सांगतो, आणि जेक्ट ते ठाऊक असल्यासारखे मान्य करतो. लढाई संपल्यावर मरणारा जेक्ट पुन्हा तेच म्हणतो की तू आता रडणार, तू नेहमीच रडतोस. शब्द तेच आहेत, पण आता ते ऐकताना मुलगा बापाचे डोके मांडीवर घेऊन बसला आहे. बापाच्या जिभेला मायेची दुसरी भाषाच येत नव्हती, हे तिथे एकाही जास्तीच्या ओळीशिवाय कळते. ज्याला टीडसचे रडणे सुरुवातीपासून खटकते त्याने या प्रवेशापर्यंत आपला निकाल राखून ठेवावा एवढीच माझी विनंती आहे.

आणि कथा सांगतो कोण, हेही विसरू नये. गेम सुरू होतो तो झनारकंडच्या भग्न अवशेषांत पेटवलेल्या शेकोटीभोवती. सगळे थकून बसले आहेत, पियानोची एकच धून चालू आहे, आणि टीडस म्हणतो की माझी गोष्ट ऐका, कदाचित ही शेवटचीच संधी असेल. म्हणजे पुढे जे काही घडताना दिसते ते तो मागे वळून सांगतो आहे, आणि सांगताना त्याला सगळे ठाऊक झालेले आहे. आपल्याकडे 1843 मध्ये सांगलीच्या राजवाड्यात विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले तेव्हा सूत्रधार कथा गाऊन पुढे नेई आणि पात्रे मधेमधे येऊन आपापले बोलत. सूत्रधाराला शेवट माहीत, पात्राला नाही. इथे हे दोघे एकच मुलगा आहेत. चुका करणारा टीडस आपल्याला दिसतो आणि त्या चुकांची लाज वाटणारा टीडस ऐकू येतो. ज्याने निवेदनाकडे कान दिला त्याला त्याची तक्रारखोर वृत्ती कधीच एकेरी वाटणार नाही. शेकोटीचा तो क्षण गेममध्ये दुसऱ्यांदा येतो तेव्हा निवेदन वर्तमानाला येऊन मिळते, आणि तिथून पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसते, सांगणाऱ्यालाही नाही. रचनेतली ही सफाई मला आजही थक्क करते.

युनाविषयी तुम्ही फारसे लिहिले नाही, पण तिला गरीब गाय म्हणणारे बरेच भेटतात, म्हणून दोन वाक्ये. येव्हॉन धर्माचा एक गुरू सीमोर याने स्वतःच्या बापाचा खून केला हे तिला कळते तेव्हा ती कोणालाही न सांगता एकटीच त्याच्याशी बोलायला जाते, आणि पुढे, तो मेल्यानंतरही वावरत असताना, त्याच्याशी लग्नाला उभी राहते ती त्याच्या भटकणाऱ्या आत्म्याला त्याच मांडवात मुक्ती देऊन टाकण्याच्या इराद्याने. बेव्हेल या धर्मनगरीच्या उंच मनोऱ्यावरून ती पाठमोरी खाली झोकून देते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी खात्री आहे ती गरीब गायीची नाही.

वाक्काबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण सहपात्रांत सर्वांत उत्तम लिहिलेला तोच आहे असे माझे मत आहे आणि लोक त्याला हेकट धर्मवेडा म्हणून सोडून देतात. तो अल बेद लोकांचा द्वेष करतो, कारण ते येव्हॉन धर्माने निषिद्ध ठरवलेली यंत्रे वापरतात. पण द्वेषाच्या तळाशी धाकटा भाऊ आहे. चाप्पू सिनशी लढायला गेला तेव्हा वाक्काने दिलेली तलवार त्याने घरी ठेवली आणि अल बेदांचे यंत्रशस्त्र उचलले, आणि तो परत आला नाही. वाक्काला दोष कुणाला तरी द्यायचा आहे. सिनला देता येत नाही, कारण सिन ही लोकांच्या पापांची शिक्षा आहे असे धर्म सांगतो. धर्माला देता येत नाही, कारण मग भावाच्या मरणाला काहीच अर्थ उरत नाही. राहिली ती यंत्रे आणि ती वापरणारे लोक. हा द्वेष मूर्खपणाचा आहे, पण तो कुठून आला हे इतके स्वच्छ दिसते की त्याचा राग येतानाही माणूस समजतो.

आणि तो बदलतो कसा ते पाहा. एका रात्रीत नाही, आणि भाषण करून तर मुळीच नाही. रिक्कू अल बेद आहे हे कळल्यावर तो तिच्याशी बोलणे टाकतो. मग तिची वस्ती डोळ्यांदेखत जळताना पाहतो. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तिचा बाप स्वतःच ती वस्ती उडवून देतो, आणि त्या क्षणी वाक्का तिला धीर देण्यासाठी म्हणतो की सणातल्या आतषबाजीसारखेच दिसते नाही का. रिक्कू त्याच्यावर खेकसते. हे वाक्य ऐकून मी पहिल्यांदा खेळताना गेम थांबवून ठेवला होता. सांत्वन करायला निघालेल्या, पण त्या माणसांशी कधी नीट बोलण्याची सवयच नसलेल्या माणसाच्या तोंडून असेच काहीतरी भलते निघते. मयताच्या घरी आपण असे बोलणारे मामा-काका पाहिलेले असतात. इतके चुकीचे वाक्य लिहायला लेखकाला धाडस लागते, आणि आपले नवे लेखक तालमीत असे वाक्य पहिल्याच वाचनात खोडून टाकतात.

आता स्पायरा या गेममधल्या जगाविषयी. तुमच्या पत्रात एका वाक्यात विचारले आहे की हजार वर्षे दर काही वर्षांनी सिन येतो, गावे बुडवतो, आणि तरीही लोक तीच प्रार्थना करत बसतात, हे पटत कसे? सांगली-मिरजेच्या माणसाने हा प्रश्न विचारावा याची मला जरा गंमत वाटली. 2005, 2019, 2021 ही महापुराची तीन साले आपल्याला कॅलेंडर न पाहता सांगता येतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली होती, जिथे 45 फुटांना धोका मानतात. पाणी उतरल्यावर लोकांनी गाळ उपसला, भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आली ते दाखवले, आणि त्याच ओट्यावर दुकान पुन्हा मांडले. गेममधल्या किलिकाच्या बंदरात सिन येऊन गेल्यावर लोक त्याच पाण्यावर, त्याच लाकडांनी पुन्हा घरे बांधायला घेतात, ते मला म्हणूनच कधी खोटे वाटले नाही.

पण साम्य इथेच संपते, आणि गेमच्या कथेचे खरे बळ त्या फरकात आहे. आपल्याकडे पाणी ओसरायच्या आधीच भांडण सुरू होते: कोयनेतून विसर्ग कधी वाढवला, अलमट्टीचे दरवाजे का उघडले नाहीत, पूररेषेत बांधकामाला परवानगी कुणी दिली. उत्तरे मिळोत न मिळोत, विचारायला बंदी नाही. स्पायरात नेमका हा प्रश्न विचारणेच पाप ठरवलेले आहे. आपत्ती तुमच्या पापांमुळे येते, पूर्ण प्रायश्चित्त झाले की थांबेल, तोवर एक समनर मरेल आणि काही वर्षे शांतता लाभेल. ही अशी व्यवस्था आहे की तिच्यात प्रत्येक जण प्रामाणिक राहूनही सगळे मिळून एक असत्य चालवत राहतात. प्रश्न विचारणारे अल बेद धर्मबाह्य ठरतात यात आश्चर्य नाही. बेव्हेलच्या मंदिराच्या पोटात तीच निषिद्ध यंत्रे खुशाल चालताना दिसतात, धर्मपीठावरचा महागुरू मिका स्वतःच एक मेलेला माणूस निघतो, आणि झनारकंडला पोचल्यावर सिनला सर्वांत आधी हरवणारी समनर युनालेस्का शांतपणे सांगते की सिन कधीच कायमचा मरत नाही, कारण ज्या अंतिम एऑनने त्याला मारायचे तोच पुढचा सिन होतो, आणि तो एऑन समनरच्या सोबत्यांपैकीच एकाचा घडवलेला असतो. युना ही खोटी आशा नाकारते. हा नकार माझ्या लेखी त्या कथेचा कळस आहे, आणि तो तिच्या तोंडी आहे, टीडसच्या नाही. टीडसचे काम एवढेच की बाहेरचा माणूस म्हणून त्याने तो मूर्ख वाटणारा प्रश्न सतत विचारत राहावा: दुसरा काही मार्ग नाही का?

याच्यावरून सरळ वाटेच्या आक्षेपाकडे येतो. वाट सरळ आहे हे खरे आहे. मालिकेतल्या आधीच्या गेमांमध्ये असणारा मोठा जगाचा नकाशा, ज्यावर हवे तिकडे हिंडता येई, तो इथे काढून टाकला. त्यामागे तांत्रिक कारणेही असणार, आणि मी ती कलेच्या नावाखाली झाकणार नाही. पण या विशिष्ट कथेला सरळ वाट शोभते. यात्रेचे टप्पे ठरलेले, मंदिरांचा क्रम ठरलेला, शेवट ठरलेला. जोवर ही मंडळी परंपरेने आखलेल्या मार्गावर आहेत तोवर खेळणाऱ्यालाही पाऊल इकडेतिकडे टाकता येत नाही. गागाझेट पर्वताच्या अलीकडे एकदाच एक प्रचंड मोकळे मैदान लागते, आणि कथेत सांगितले जाते की इथे येऊन वाट सोडणारे समनरही होऊन गेले. युनालेस्काला नकार दिल्यानंतर मात्र विमान हाती येते आणि सगळे जग उघडते. ज्या दिवशी त्यांनी ठरलेला शेवट मोडला त्याच दिवसापासून आपल्याला कुठेही जाता येते.

निर्णय घेता येत नाही म्हणजे भूमिका नाही, हे विधान एका नटाने करावे हे मला पटलेले नाही. तुम्ही एकांकिकेत उभे राहता तेव्हा एकही संवाद बदलण्याचा अधिकार तुम्हाला नसतो, तरी भूमिका तुमचीच असते. संवाद निवडू देणारे उत्तम गेम आहेत आणि ती एक वेगळी परंपरा आहे. इथे खेळणाऱ्याकडून कृती करवून घेतली जाते. शेवटच्या टप्प्यात सिनच्या आत दडलेला यू येव्हॉन एऑनांच्या अंगात शिरतो, आणि युनाला आपले एऑन एकेक करून बोलवावे लागतात व मारावे लागतात. हे चित्रफितीत दाखवून संपवता आले असते. तसे केलेले नाही. ज्यांना तुम्ही स्वतः नावे दिली, ज्यांच्या जिवावर तीसचाळीस तास लढलात, त्यांना पाचारण करण्याची कळ तुम्हीच दाबायची आणि वारही तुम्हीच करायचा. त्या वेळी पात्रांना हरताही येत नाही, कारण पडलेला माणूस आपोआप उठतो. लोक म्हणतात ही लुटुपुटूची लढाई झाली. माझ्या मते तो अंत्यविधी आहे आणि अंत्यविधीत जिंकण्या-हरण्याचा सवालच नसतो. खरी शेवटची लढाई त्याआधी जेक्टबरोबर होऊन गेलेली असते.

उरला स्वप्नाचा उलगडा. टीडस आणि त्याचे झनारकंड हे फेथ नावाच्या निद्रिस्त आत्म्यांचे स्वप्न आहे, हे गागाझेटवर कळते आणि अनेकांना ते हातचलाखी वाटते. ठिगळ ओळखायचे असेल तर कापडाच्या सुरुवातीला त्याचा धागा आहे का ते पाहावे. पहिल्याच प्रसंगात, झनारकंडवर संकट कोसळत असताना, सगळे थबकते आणि टोपीने चेहरा झाकलेला एक मुलगा टीडसशी बोलून नाहीसा होतो. तो मुलगा म्हणजे पुढे हेच रहस्य सांगणारा फेथ. त्याच्या जोडीला ऑरॉन पाहा. ग्वाडोसलाममध्ये मृतांच्या आठवणी दिसतात त्या जागेत शिरायला तो साफ नकार देतो आणि बाहेर बसून राहतो, पहिल्या खेपेला आपण ते त्याच्या फटकळ स्वभावावर ढकलतो. तो स्वतःच मेलेला आहे हे फार पुढे समजते. ज्या लेखकांनी एका दुय्यम रहस्यासाठी एवढ्या आधी पाया खणला, त्यांनी मुख्य रहस्य ऐन वेळी सुचून चिकटवले असेल असे मला वाटत नाही. आणि अर्थाच्या दृष्टीनेही ते जुळते: युना मरणार हे सगळ्यांना ठाऊक आणि टीडसला नाही, इथून सुरू झालेली गोष्ट, टीडस नाहीसा होणार हे त्याला ठाऊक आणि युनाला नाही, इथे येऊन पोचते. आता हसत राहण्याची पाळी त्याची असते, आणि तो ती निभावतो.

याच कथेचा 2003 मधला पुढचा भाग, ज्याच्या एका शेवटात टीडस परत येतो, त्याच्या आधारे मूळ गेमवर टीका करू नये. तो वेगळ्या सुरातला स्वतंत्र गेम आहे आणि मला व्यक्तिशः आवडतो, पण मूळ शेवटाला त्याच्या जामिनाची गरज नाही.

आता काय कापले असते. हसण्याच्या दृश्यातला एक सेकंदही नाही. कापला असता सीमोर, आणि तोही पूर्ण नाही. जगाला दुःखातून सोडवायचे तर सगळ्यांना मारून टाकावे, असे मानणारा आणि लहानपणी आईला फेथ होताना पाहिलेला माणूस म्हणून तो कागदावर भक्कम आहे. मकालानियातली त्याची पहिली लढाई, बेव्हेलमधले लग्न आणि गागाझेटवरचा सामना एवढे मला मान्य आहे. पण सिनच्या पोटात तो चौथ्यांदा उभा राहतो तेव्हा त्याच्याकडे नवे सांगण्यासारखे काही उरलेले नसते, आणि जेक्टच्या भेटीच्या उंबरठ्यावर तो नुसता वाट अडवतो. तो प्रवेश मी काढला असता. किमारीला दोन चांगले प्रसंग वाढवून दिले असते. आणि इंग्रजी आवाज देणाऱ्यांसाठी प्रत्येक वाक्यामागे अर्धा सेकंद मोकळा मागून घेतला असता, मग त्यासाठी ओठांचे चित्रण पुन्हा करावे लागले तरी चालले असते.